आखाड्यावरचा कॅमेरा शहरातून का दिसत नाही?

परभणीजवळच्या एखाद्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, राउटर आहे आणि त्याला कॅमेरा जोडलेला आहे. तिथल्या वायफायवर मोबाइलमध्ये १९२.१६८.१.२० टाकलं की विहीर, मोटार, गोठा सगळं दिसतं. तोच आकडा छत्रपती संभाजीनगरात बसून टाकला तर काहीच येत नाही. कॅमेरा ठणठणीत असतो, पण तो पत्ता आखाड्याच्या राउटरपलीकडे चालतच नाही.

मारुतीचं देऊळ गावोगाव असतं. ‘देवळामागचं घर’ एवढं सांगितलं तर गावातलं कुणीही नेऊन सोडेल, पण पाकिटावर तेवढंच लिहिलं तर टपाल पोचणार कुठे? १९२.१६८ ने सुरू होणारे ६५,५३६ पत्ते असेच आहेत. लातुरात, हिंगोलीत, घरोघरी तेच वापरतात आणि कुणाचं कुणाला अडत नाही. १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ या पट्ट्यातलेही त्यांचेच भाऊबंद.

माहिती इंटरनेटवर बाहेर जाताना राउटर या पत्त्याच्या जागी आपला पत्ता लावतो. खरी मेख पुढे आहे. इंटरनेट पत्त्यांच्या जुन्या आयपीव्ही४ पद्धतीत पत्ते जेमतेम ४२९ कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. मग २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या जाळ्यासाठी राखला गेला. अनेक ग्राहकांमागे एकच सार्वजनिक, म्हणजे जगभर चालणारा पत्ता! म्हणून आधी राउटरच्या पानावर ‘वॅन’ पत्ता, म्हणजे राउटरला कंपनीकडून मिळालेला पत्ता, बघा. तो या पट्ट्यातला असेल, तर राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याची वाट, उघडून उपयोग नाही. अडसर कंपनीकडे आहे. कॅमेऱ्याचं ॲप तरीही चालतं, कारण कॅमेरा स्वतःच बाहेरच्या सर्व्हरशी संपर्क ठेवतो.

नव्या आयपीव्ही६ पद्धतीत पत्ता १२८ बिटांचा, त्यामुळे टंचाईचा प्रश्नच नाही. आणि पत्त्याची पोच त्याच्या सुरुवातीवरूनच कळते, हे मला फार आवडतं. एफई८० ने सुरू होणारा पत्ता फक्त त्याच वायफायपुरता, एफडी ने सुरू होणारा घरच्या किंवा संस्थेच्या जाळ्यापुरता, आणि २ किंवा ३ ने सुरू होणारा जगभर चालणारा. एकाच मोबाइलला हे पत्ते एकाच वेळी असू शकतात.

कॅमेऱ्याला जगभर चालणारा पत्ता मिळाला, तरी राउटरची फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांना अडवणारी राखण, बंद करू नका. लागेल तेवढीच वाट मोकळी ठेवा आणि कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड आधी बदला.