स्प्रिंगचं टेन्शन वेगळं, स्प्रिंगचं पाणी वेगळं

"काका, कात्रीचं टेन्शन गेलंय, जरा पाणी पाजून द्या की."

छोटी कात्री असलेला, खिशातला जुना स्विस चाकू माझ्या हातात ठेवून असं म्हणणारे लोक मला कायम भेटतात. हे लोक काही अडाणी नसतात. कुणी कोल्हापूरजवळच्या शिरोलीला मशिन चालवतो, कुणी फाउंड्रीत आहे, कुणाची उद्यमनगरात स्वतःची लेथ आहे. पाणी देणं म्हणजे काय, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक असतं. तरीही टेन्शन आणि पाणी ही एकच गोष्ट आहे असं धरून ते चालतात, आणि या एका समजुतीपायी चांगले जुने चाकू हकनाक खराब होतात.

पाण्याबद्दल, म्हणजे पोलाद तापवून, बुडवून हार्ड करण्याबद्दल, कोल्हापुरात फार सांगायची गरज नाही. कार्बन स्टील लाल करायचं, तेलात बुडवायचं, ते काचेसारखं हार्ड होतं. मग हलक्या आचेवर थोडं पाणी उतरवायचं, म्हणजे ठिसूळपणा जातो. छिन्नी, पटाशी, रापी, सगळ्यांचं हेच.

आता टेन्शन. चाकूची कात्री दाबली की दोन दांड्यांमधली बारीक पट्टी वाकते आणि सोडल्यावर दांडी परत ढकलते. किती वाकवली तर किती जोरानं ढकलते, ते तिचं टेन्शन. साध्या मराठीत ताठपणा. आणि हा ताठपणा पाण्यानं वाढत नाही. हार्ड पट्टी आणि मऊ पट्टी एकाच मापाच्या असतील तर दोघी सारख्याच जोरानं ढकलतात.

हे कुणी पहिल्यांदा मान्य करत नाही. म्हणून मी व्हाइसला लावून दाखवतो. फिलर गेज म्हणजे फट मोजायच्या पोलादी पानांचा जुडगा; अशा दोन जुन्या गेजमधली 0.50 मिलिमीटर जाडीची दोन पानं घेतो. एक तसंच ठेवतो. दुसरं गॅसच्या टॉर्चवर लाल करून राखेत पुरतो, सकाळी काढतो आणि काळी खपली पुसून घेतो. आता ते इतकं मऊ असतं की कानस त्यावर लोण्यासारखी चालते. दोन्ही पानं शेजारी शेजारी व्हाइसमध्ये धरायची, दोन्हींचा 60 मिलिमीटर भाग बाहेर ठेवायचा. पानाच्या टोकाला भोक असतंच, त्यात दोरा ओवून दोन्हीकडे 100 ग्रॅमचं वजन टांगायचं. दोन्ही पानं सुमारे अडीच मिलिमीटर खाली जातात. मागे भिंतीशी मोजपट्टी धरून बघा, डोळ्याला फरक दिसत नाही. वजन काढलं की दोन्ही सरळ.

मग 700 ग्रॅम टांगायचं. दोन्ही पानं भरपूर वाकतात. वजन काढल्यावर हार्ड पान टणकन जागेवर येतं, मऊ पान मात्र मान खाली घालून तसंच राहतं.

पाण्याचं काम इथं दिसतं. पट्टी किती जोरानं ढकलणार हे पाणी ठरवत नाही. कुठवर वाकवली तरी ती परत येणार, हे ठरवतं. पोलादाचा ताठपणा मोजायचा जो आकडा असतो तो 200 ते 210 गिगापास्कलच्या आसपास असतो, आणि पाणी द्या किंवा काढा, तो हाताला जाणवेल इतका हलत नाही. ज्या मिस्त्रींकडे मी हे काम शिकलो ते म्हणायचे, पाणी म्हणजे पट्टीची सहनशक्ती, जोर नव्हे.

मग जोर कुठून येतो? मापातून. पट्टीची रुंदी दुप्पट केली की ताठपणा दुप्पट, इतकं सरळ. पण जाडीचा हिशेब घनात जातो. 0.40 च्या जागी 0.50 ची पट्टी घातली तर ताठपणा सव्वापट होत नाही, जवळपास दुप्पट होतो. लांबीचा हिशेबही घनात, फक्त उलटा: 20 मिलिमीटरची पट्टी 18 केली की ताठपणा साधारण एक तृतीयांशानं वाढतो. म्हणून मायक्रोमीटर न लावता "अंदाजानं" स्प्रिंग बनवणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शानं कात्रीचा स्वभाव बदलतो. तुटलेल्या पट्टीचे दोन्ही तुकडे जपून ठेवा, आणि जाडी तुटलेल्या तोंडाशी न मोजता, जिथं गंज आणि घासण नाही अशा ठिकाणी मोजा.

आता याच्या पुढची पायरी, जिथं जाणकारही फसतात. टेन्शन वाढवायला जाड पट्टी घातली, तर ती जास्त टिकणार असं वाटतं. होतं उलटंच. कात्री दाबली की पट्टीला ठरलेल्या अंतराइतकं वाकावंच लागतं, मग ती जाड असो की बारीक. तेवढ्याच वाकण्यात जाड पट्टीच्या बाहेरच्या कातडीला जास्त ताण बसतो. म्हणजे जाड पट्टी जोरात ढकलते आणि लवकर तुटते. ती तुटली की माणूस म्हणतो, पाणी कमी पडलं. मग पुढच्या पट्टीला आणखी हार्ड ठेवतो, आणि ती आठवड्यात तुटते.

एकदा माझ्याकडे असा एक चाकू आला. आधी एका वर्कशॉपमधून तीनदा स्प्रिंग बदलून झालेली, प्रत्येक वेळी आधीपेक्षा जाड. मी 0.40 ची पट्टी घातली. मालकाला दोन दिवस वाटत होतं की कात्री ढिली आहे. नंतर त्यानं ती दाबून दाबून बघितली आणि काही बोलला नाही. दुसऱ्या पावसाळ्यात भेटला तेव्हाही तीच स्प्रिंग चालू होती.

तर "स्प्रिंग गेली" म्हणण्याआधी ती कशी गेली ते बघा. पट्टी वाकून बसली असेल आणि तुटली नसेल, तर पाणी कमी आहे, किंवा मुळात कुणी स्प्रिंगचं पोलाद वापरलेलंच नाही. पट्टी सरळ आहे, परत येते, पण ढकलत नाही, तर ती बारीक किंवा लांब आहे. तिला भट्टी दाखवून काही उपयोग नाही. आणि न वाकता कटकन तुटली असेल, तर दोन कारणं शक्य आहेत. एक, पाणी उतरवलेलंच नाही. दुसरं जास्त वेळा सापडतं: गुजरीतले सोन्याचांदीचे कारागीर डोळ्याला लावतात तसलं भिंग लावून तुटलेलं तोंड बघा. खाचेजवळ, जिथं पट्टी दांडीत शिरते, तिथं गंजाचा एक काळा ठिपका किंवा कानशीचा आडवा ओरखडा दिसेल. तडा तिथूनच सुरू झालेला असतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात खिशात ओला राहिलेला चाकू असा मरतो. म्हणून नवी पट्टी शेवटी एमरी पेपरनं लांबीच्या दिशेनंच घासायची, आडवी कधीच नाही.

कार्बन स्टीलची पट्टी स्वतः घडवणार असाल तर चुंबक सोडेपर्यंत तापवा, त्याहून किंचित वर, म्हणजे 800 अंशांच्या जवळपास, आणि तेलात सोडा. पाण्यात नको, इतकी बारीक पट्टी पाण्यात तडकते. मग चकचकीत घासा, कारण रंग फक्त घासलेल्या पोलादावर दिसतो. तव्यात बारीक वाळू तापवून त्यावर पट्टी ठेवा. आधी फिकट पिवळा येतो, सुमारे 220 अंशांना, मग तपकिरी, 280 च्या आसपास जांभळा, आणि 300 ला निळा. पिवळ्यावर काढलेली पट्टी चाकूच्या धारेला शोभते, स्प्रिंगला नाही. निळ्यावर काढा. टॉर्चची ज्योत थेट पट्टीवर मारून रंग आणणारे मला बघवत नाहीत. एक टोक करडं होतं आणि दुसरं अजून पिवळं असतं.

खरं तर हे सगळं टाळता येतं. फिलर गेजचं पान आधीच स्प्रिंगचं पाणी दिलेलं असतं आणि जाडी त्यावर छापलेली असते. हव्या त्या जाडीचं पान घ्या, ग्राइंडरवर थोडं थोडं घासा, दर वेळी पाण्यात बुडवा. बोटाला चटका बसला की थांबा. निळसर झाक आली नाही तर पाणी शाबूत आहे. हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा घालणं मात्र थांबवा. तो कापायसाठी बनवलेला असतो, वाकायसाठी नाही. सेफ्टी पिनची तारही नको, ती दोन दिवसांत बसते.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो: स्टेनलेसच्या स्प्रिंगला टॉर्च लावू नका. हे स्विस चाकू बनवणाऱ्या व्हिक्टोरिनॉक्स कंपनीच्या नावातलं "इनॉक्स" म्हणजेच स्टेनलेस. 1909 पासूनच्या व्हिक्टोरिया या नावाला 1921 मध्ये ते जोडलं गेलं. काही स्टेनलेस पट्ट्यांची सगळी ताकद थंड लाटण्यातून आलेली असते. एकदा लाल केली की ती ताकद जाते, आणि तेलात बुडवून परत येत नाही. काही स्टेनलेस हार्ड होतं, पण त्याला 1000 अंशांच्या वर, नेमक्या तापमानाला नेमका वेळ लागतो. ते काम टॉर्चचं नाही. चुंबक लावून ओळखतो म्हणणाऱ्यांवर विसंबू नका, लाटलेलं स्टेनलेसही थोडं चिकटतं. मीही सुरुवातीला एका जुन्या चाकूची अस्सल पट्टी अशीच मऊ करून बसलो होतो. ती अजून माझ्या डब्यात आहे.

अशा चाकूला तयार स्प्रिंग मिळते, तीच घाला. फक्त 58 मिलिमीटरच्या छोट्या चाकूची आणि 91 मिलिमीटरच्या मोठ्या चाकूची स्प्रिंग वेगळी असते. आणि चाकूवरचा क्रॉस ढालीत नसून गोलसर कोपऱ्यांच्या चौकोनात असेल तर तो वेंगर या दुसऱ्या स्विस कंपनीचा आहे. नंतरच्या वेंगर कात्र्यांना ही बारीक पट्टी नसतेच; तिथं दांडी चाकूच्या पाठीच्या स्प्रिंगवरच टेकून परत येते. तिथं तुटलेली पट्टी शोधत रिव्हेट उघडू नका.

त्याआधी कात्री कोमट पाण्यात साबण घालून धुवा, सांध्याला तेलाचा एक थेंब द्या आणि वीस वेळा उघडझाप करा. टेन्शन गेलंय म्हणून आणलेल्या कित्येक कात्र्यांच्या सांध्यात नुसतं वाळलेलं तेल आणि खिशातली धूळ असते, आणि त्यांची पट्टी जशीच्या तशी ठणठणीत असते.