मिशनरी परिचारिका

मिशनरी परिचारिका म्हणजे ख्रिस्ती चर्चच्या किंवा मिशन संस्थेच्या वतीने स्वदेश सोडून परमुलखात रुग्णसेवा करणारी प्रशिक्षित स्त्री. रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या धर्मभगिनींची परंपरा युरोपात फार जुनी असली, तरी श्रद्धेला पद्धतशीर प्रशिक्षणाची जोड मिळाली ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकात. जर्मनीतील कायझर्सवर्थ येथे थिओडोर फ्लीडनर आणि त्यांच्या पत्नी फ्रीडेरिके यांनी १८३६ मध्ये प्रॉटेस्टंट स्त्रियांना शुश्रूषेचे शिक्षण देणारी संस्था काढली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५१ मध्ये तेथे शिकल्या आणि त्याच वर्षी संस्थेच्या चार भगिनी जेरुसलेमला पोहोचल्या.

नेमणुकीपूर्वी उमेदवाराची श्रद्धा, प्रकृती आणि व्यावसायिक पात्रता यांची पारख होई. प्रसूतिविद्येच्या शिक्षणाला विशेष महत्त्व असे, कारण मिशनच्या दूरच्या ठाण्यावर अडलेल्या बाळंतिणीला हात देणारे दुसरे कोणी सहसा नसे. कामावर रुजू झाल्यावर सुरुवातीचा बराच काळ स्थानिक भाषा शिकण्यात जाई आणि तिची परीक्षाही द्यावी लागे. तातडीने रुग्णांपाशी जाऊ इच्छिणाऱ्या तरुणीला हा नियम जाचक वाटला, तरी तो शहाणपणाचा होता. कुठे दुखते, कधीपासून दुखते, हे रुग्णाच्याच शब्दांत कळल्याशिवाय खरी शुश्रूषा होत नाही. मोबदला म्हणून निर्वाहापुरता भत्ता मिळे. बहुतेक जणी अविवाहित असत. डॉक्टर फिरतीवर असले की भूल देणे, टाके घालणे, औषधे तयार करणे, कोठीचा हिशेब ठेवणे ही सारी कामे परिचारिकेकडेच येत. काही वर्षांनी मायदेशी जाण्यासाठी रजा मिळे. मात्र तीही चर्चच्या निरनिराळ्या मंडळ्यांपुढे कामाचा वृत्तांत सांगण्यात आणि निधी जमवण्यात सरे.

या स्त्रियांचे सर्वांत टिकाऊ कार्य मात्र रुग्णांच्या खाटेपाशी झाले नाही, ते वर्गात झाले. अमेरिकेच्या पहिल्या प्रशिक्षित परिचारिका म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लिंडा रिचर्ड्स यांनी १८८० च्या दशकात जपानमध्ये क्योतोच्या दोशिशा संस्थेत परिचर्येचे शिक्षण सुरू केले. सोलमधील मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाच्या स्त्री-रुग्णालयात मार्गारेट एडमंड्स यांनी १९०३ मध्ये कोरियातील पहिले परिचारिका विद्यालय काढले आणि १९०८ मध्ये त्यातून मार्था किम व ग्रेस ली या पहिल्या दोघी उत्तीर्ण झाल्या. भारतात वेल्लोरचे परिचारिका विद्यालय १९०९ पासूनचे आहे. परक्याच्या शरीराची सेवा करणे हे जेथे नोकराचे काम मानले जाई, तेथे आधी या व्यवसायाला प्रतिष्ठा मिळवून द्यावी लागली. चीनमध्ये त्यासाठी शब्दही नवा घडवावा लागला: लंडनमध्ये शिकलेल्या चिनी परिचारिका एल्सी मॉफंग चुंग यांनी १९१४ मध्ये ‘हूशी’ ही संज्ञा सुचवली. तिच्यातील ‘शी’ हे पद विद्वानासाठी वापरले जाणारे असल्यामुळे सेवेबरोबर विद्येचा मानही त्या शब्दात आला.

जर्मनीत जन्मलेल्या आणि अमेरिकेतून १९१२ मध्ये कोरियात आलेल्या एलिझाबेथ शेपिंग यांचे जीवन या संदर्भात विशेष उल्लेखनीय आहे. त्यांनी कोरियन नाव आणि पोशाख स्वीकारला, अनाथ मुलींना आपल्या घरात वाढवले आणि १९२३ मध्ये कोरियन परिचारिका संघाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. १९३४ मध्ये ग्वांगजू येथे त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार देहही वैद्यकीय अभ्यासासाठी देण्यात आला.

सर्वच परिचारिका स्थानिक समाजात इतक्या मिसळल्या नाहीत. अनेक ठाण्यांवर गोऱ्या अधीक्षिका आणि स्थानिक सहकारी यांच्यात अधिकाराची व राहणीची मोठी दरी होती. उपचाराला धर्मप्रसाराची जोड दिल्याने दुखण्याने अगतिक झालेल्या माणसापुढे धर्म मांडणे कितपत उचित, हा आक्षेपही घेतला गेला. तो गंभीर आहे आणि सेवेच्या थोरवीने त्याचे उत्तर मिळत नाही.

संसर्गाचा धोका या कामात कायमचाच होता. नायजेरियातील लासा येथील मिशन रुग्णालयात काम करणाऱ्या लॉरा वाइन १९६९ मध्ये अनोळखी तापाने दगावल्या. त्याच देशातील जोस शहरात त्यांची शुश्रूषा करणाऱ्या शार्लट शॉ यांनाही त्याच तापाने मृत्यू आला. तिसऱ्या परिचारिका लिली पिनिओ उपचारांनंतर बचावल्या. या तिघींच्या आजारपणातून नव्या विषाणूचा शोध लागला आणि त्या गावावरूनच रोगाला लासा ताप हे नाव पडले. १९७६ मध्ये झाईरमधील (आजचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) यांबुकू येथे, बेल्जियन धर्मभगिनी काम करत असलेल्या मिशन रुग्णालयात, इबोलाची साथ पसरली. तेथे परिचारिकांना दररोज सकाळी अवघ्या पाच सिरिंज मिळत आणि एका रुग्णानंतर दुसऱ्यासाठी त्या केवळ पाण्यात खंगाळून वापरल्या जात. साधनांच्या आणि दक्षतेच्या या अभावाने अनेक रुग्णांचे प्राण घेतले. रुग्णालयाच्या १७ कर्मचाऱ्यांपैकी ११ जणही दगावले.

दुसऱ्या महायुद्धानंतर देश स्वतंत्र होत गेले, तशी बहुतेक मिशन रुग्णालये स्थानिक चर्चकडे किंवा शासनाकडे सोपवली गेली. १९४९ नंतर चीनमधून परदेशी मिशनरींना निघावे लागले. आजही परदेशी परिचारिका या क्षेत्रात आहेत, परंतु आयुष्यभराच्या नेमणुकीऐवजी काही आठवडे किंवा महिने सेवा देण्याची प्रथा वाढली आहे. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या मर्सी शिप्स या ख्रिस्ती संस्थेच्या रुग्णालय-जहाजांवर परिचारिका स्वयंसेवक म्हणून येतात आणि आपल्या प्रवासाचा व राहण्याचा खर्च सहसा स्वतःच उचलतात.