श्रवणदोष आणि बधिर असणे

सत्तरीनंतर ऐकू येईनासे झालेले एक आजोबा आणि जन्मापासून ऐकू न येणारी एक तरुणी यांच्या कानांची तपासणी केली, तर दोघांच्या आलेखावरची रेषा सारखीच खाली उतरलेली दिसू शकते. मात्र "उपचाराने ऐकू येईल" असे सांगितले, तर आजोबांचे डोळे भरून येतील, आणि ती तरुणी कदाचित हातांनी विचारील, की मला झाले आहे तरी काय? आजोबांचे काहीतरी हरवले आहे, नातवाचे बोबडे बोल, फोनवरच्या गप्पा, काकड आरती. तिचे काही हरवलेले नाही. आपण दोघांनाही 'बहिरे' म्हणतो आणि त्या एका शब्दाखाली दोन निराळ्या गोष्टी झाकल्या जातात.

पहिली गोष्ट श्रवणदोष. तो कानाचा असतो आणि डेसिबलमध्ये मोजता येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ७० डेसिबलची श्रवणहानी असलेली व्यक्ती बधिर मानली आहे, आणि ६० ते ७० डेसिबलच्या हानीसाठी वेगळा वर्ग आहे. प्रमाणपत्र, श्रवणयंत्र, शस्त्रक्रिया हे सारे या मोजमापावर चालते आणि तसे ते चालणे योग्यही आहे.

दुसरी गोष्ट बधिर असणे. ती कोणत्याही यंत्राने मोजता येत नाही, कारण ती कानात नसून भाषेत आणि सोबतीत आहे. भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे हातवाऱ्यांनी केलेली मराठी किंवा हिंदी नव्हे. 'तुझे नाव काय आहे?' हे तिच्यात 'तुझे, नाव, काय' अशा क्रमाने येते. 'आहे' लागत नाही, प्रश्नाची खूण शेवटी येते, आणि होय-नाही असे उत्तर हवे असेल तेव्हा उंचावलेल्या भुवया व्याकरणाचे काम करतात. त्यामुळे मराठी घरातली बधिर मुलगी आणि बंगाली घरातला बधिर मुलगा, काही खुणा प्रांतागणिक बदलत असल्या तरी, दुभाष्याविना गप्पा मारू शकतात. ही भाषा बहुतेकांना आईवडिलांकडून मिळत नाही, कारण बहुसंख्य बधिर मुले ऐकणाऱ्या घरांत जन्मतात. ती मिळते शाळेच्या मैदानावर, वसतिगृहात, वरच्या वर्गातल्या मुलांकडून.

हा भेद दाखवण्यासाठी जेम्स वुडवर्ड या भाषाभ्यासकाने १९७२ मध्ये इंग्रजीत एक युक्ती सुचवली, की कानाच्या अवस्थेसाठी 'deaf' (बधिर) या शब्दाचे पहिले अक्षर लहान लिहावे आणि समाजासाठी मोठे. देवनागरीला ती सोय नाही. आपला सभ्य शब्द 'कर्णबधिर' तर सारा प्रश्न पुन्हा कानावरच नेऊन ठेवतो, आणि 'मूकबधिर' हा शब्द, अनेक शाळांच्या पाट्यांवर असला तरी, चुकीचाच आहे. ज्यांना दिवसभर बोलताना आपण पाहतो त्यांना मूक कसे म्हणावे?

या दोन गोष्टींची गल्लत केल्याने मोठे नुकसान झाले आहे. १८८० मध्ये मिलान येथे भरलेल्या बधिर-शिक्षकांच्या परिषदेने तोंडी बोलण्याची पद्धत श्रेष्ठ ठरवून खुणांना वर्गाबाहेर काढले, आणि ज्यांच्याविषयी ठराव होता ते बधिर लोक त्या सभेत नावापुरतेच होते. त्या ठरावांबद्दल जाहीर खेद व्यक्त व्हायला २०१० साल आणि व्हँकुव्हरची परिषद उजाडली. मधल्या काळात कित्येक पिढ्यांनी ओठ वाचण्याच्या सरावात बालपण घालवले. म्हणून अमेरिकेत १९९० मध्ये लहान मुलांसाठी कॉक्लिअर इम्प्लांटला, म्हणजे शस्त्रक्रियेने कानाच्या आत बसवायच्या श्रवणसाधनाला, परवानगी मिळाली, तेव्हा तिथल्या बधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने १९९१ मध्ये त्याला कडाडून विरोध केला, तो विज्ञानाच्या द्वेषातून नव्हता; 'तुम्हाला दुरुस्त करतो' हे वाक्य त्यांनी आधीही ऐकले होते आणि त्यात आपली भाषा जाताना पाहिली होती. पुढे २००० मध्ये त्याच संघटनेने भूमिका सौम्य केली आणि इम्प्लांट हा अनेक पर्यायांपैकी एक मानला.

मला ही नंतरची भूमिका अधिक योग्य वाटते. इम्प्लांट अनेक मुलांना बोलणे ऐकण्याची वाट खुली करते, मात्र त्याने मूल बधिर असायचे थांबत नाही. कानामागचे यंत्र आणि लोहचुंबकाने डोक्याला चिकटलेली चकती रात्री उतरवून ठेवली, की त्या मुलाला आईची हाक ऐकू येत नाही. शस्त्रक्रियेनंतरही महिनोन्‌महिने वाचा-उपचार लागतात, आणि प्रत्येक मुलाला सारखा लाभ होत नाही. या काळात 'खुणा शिकवू नका, नाहीतर ते बोलणार नाही' असा सल्ला अनेक पालकांना दिला जातो. त्या सल्ल्यापायी मुलाची भाषा शिकण्याची पहिली मोलाची वर्षे कोणत्याच भाषेविना जाऊ शकतात, आणि मला खरी भीती वाटते ती याची. श्रवणदोषावर उपचार करायचा की नाही हे पालकांनी श्रवणतज्ज्ञाशी बोलून ठरवावे; पण संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी, आणि नंतरही, सांकेतिक भाषा बोलणाऱ्या, नोकरी-संसार करणाऱ्या एखाद्या प्रौढ बधिर माणसाला घरी चहाला बोलवावे, आणि मुलाला त्याच्या शेजारी बसू द्यावे.