मेल स्लो आहे? कशाच्या मानाने?

सोमवारी सकाळी सव्वादहाला आमच्या महापेच्या ऑफिसात आयटीचा फोन वाजतोच. "अहो, आज मेल फार स्लो आहे." मी सवयीने विचारतो, "कशाच्या मानाने?" पलीकडून आधी काहीच उत्तर येत नाही, मग जरा चिडून, "स्लो म्हणजे स्लो!"

प्रश्न मी खोडी काढायला विचारत नाही. त्याचं उत्तर आकड्यात देता येतं. फक्त ते आकडे तक्रार येण्याआधीच टिपून ठेवलेले असावे लागतात. रोजच्या प्रकृतीच्या या नोंदीला आमच्या धंद्यात बेसलाइन म्हणतात.

मेल सर्व्हरच्या पोटात डेटाबेस असतो. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंजचं उदाहरण घेऊ. तुम्ही मेल पाठवलीत की तिची नोंद आधी लॉगमध्ये होते आणि डेटाबेसच्या मूळ पानावर ती सवडीने चढते. वाणी गिऱ्हाईक समोर असताना रोजकीर्दीत खरडतो आणि खतावणी दुकान बंद झाल्यावर करतो, तसंच. लॉगच्या फायली एकेक एमबीच्या, डेटाबेसची पानं ३२ केबीची. वाचताना पान मेमरीत सापडलं तर काम झटक्यात होतं. नसलं तर डिस्कपर्यंत जावं लागतं.

इथे लोक एक आकडा पाठ करून बसतात: डेटाबेसमधून वाचायला सरासरी २० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये, लॉग लिहायला १० पेक्षा. मर्यादा म्हणून हे ठीकच आहे. पण ज्या सर्व्हरला रोज ६ मिलिसेकंद लागतात, तो एके दिवशी १७ वर गेला तर पुस्तकाच्या हिशेबाने तो ठणठणीत असतो. मेलबॉक्स उघडायला अशी पुष्कळ पानं वाचावी लागतात, त्यामुळे समोरच्या माणसाला ती तिप्पट बरोबर जाणवते.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, म्हणजे रांग.

ठाणे स्टेशनची तिकीट खिडकी डोळ्यांसमोर आणा. मोबाइलवर तिकीट निघायच्या आधीची. खिडकीवरचा माणूस एका प्रवाशाला सरासरी ३० सेकंद घेतो, म्हणजे तासाला १२० तिकिटं. तासाला ६० जण आले तर तो निम्मा वेळ मोकळा. तरीही तुम्हाला रांगेसकट सरासरी एक मिनिट लागतं, कारण माणसं ठरवून येत नाहीत. कधी कुणीच नसतं, कधी चौघं एकदम येतात. आता १०८ जण येऊ द्या. खिडकी ९० टक्के व्यग्र, तुमचा वेळ ५ मिनिटं. आणखी फक्त सहा जण वाढवा, ११४ करा. वेळ १० मिनिटं! त्या सहा जणांनी सगळ्यांचाच वेळ दुप्पट केला.

गणित एका ओळीचं आहे: एका कामाचा वेळ भागिले खिडकीच्या रिकामेपणाचा हिस्सा. १० टक्के रिकामी असेल तर दसपट, ५ टक्के असेल तर वीसपट. माणसांचं येणं आणि प्रत्येकाला लागणारा वेळ, दोन्ही बेभरवशाचे धरले तर हे सूत्र चालतं. या शास्त्राचा पाया १९०९ साली कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने घातला.

डिस्कही खिडकीच. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एक फेरा घ्यायला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा खाली यायला सरासरी अर्धा फेरा, त्यात वाचणारा हात सरकण्याचा वेळ मिळवला की साधारण साडेबारा. म्हणजे सेकंदाला ८० कामं. ७२ आली तर १२५ मिलिसेकंद, ७६ आली तर २५०. म्हणून "प्रोसेसर तर १० टक्केच चाललाय, मग सर्व्हर स्लो कसा?" हा प्रश्न ऐकला की मला हसू येतं. फलाट मोकळा आहे हो, रांग खिडकीला आहे.

लिटल नावाच्या गणितज्ञाने १९६१ मध्ये याहून साधा नियम सिद्ध केला: रांगेतली सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ. म्हणून बेसलाइनमध्ये वेळ एकटा टिपून भागत नाही, सेकंदाला किती मागण्या आल्या तेही हवं. वेळ वाढला आणि मागण्याही वाढल्या, तर गर्दी झाली. मागण्या तेवढ्याच आणि वेळ वाढला, तर खिडकीवरचा माणूस आजारी आहे.

सरासरीवरही फार विसंबू नये. ९५ वाचनं ५ मिलिसेकंदांत आणि ५ वाचनं ४०० मध्ये झाली, तर सरासरी जवळजवळ २५ येते, आणि २५ तर एकालाही लागलेले नसतात. रीडिंग दर १५ सेकंदांनी घ्यावं, चार आठवडे घ्यावं, आणि सोमवारची दहाची वेळ सोमवारच्या दहाशीच ताडावी. रात्रीच्या बॅकअपची वेळ वेगळी काढावी. सर्व्हर नुकताच रीस्टार्ट केला असेल तर ते आकडे धरू नयेत. मेमरी रिकामी असते, पान न् पान डिस्कवरून येतं. हल्ली "आमचं एआय आपोआप सगळं ओळखतं" म्हणत विक्रेते येतात. त्यालाही आधी आकडेच खाऊ घालावे लागतात.

तैवानमध्ये यंत्रं बिघडू नयेत म्हणून त्यांच्यावर एका खाऊची हिरवी पाकिटं ठेवतात. आपल्याकडे दसऱ्याला सर्व्हरला हळदकुंकू आणि झेंडूची माळ. माझी श्रद्धेला हरकत नाही, हवा आत घेणाऱ्या जाळीवर कुंकू टाकायला आहे.

एका वर्षी दसऱ्यानंतरच्या सोमवारी तोच फोन आला. वहीत सोमवारचे आकडे होते: सेकंदाला २०० मागण्या, ६ मिलिसेकंद. त्या दिवशी मागण्या २०० च, वेळ १७. लिटलच्या हिशेबाने एरवी रांगेत एकाच वेळी सव्वा मागणी असते, आज जवळजवळ साडेतीन. म्हणजे गर्दी नव्हती, खिडकीच आजारी होती. सर्व्हर रूममध्ये गेलो. रॅकवर माळ तशीच, थोडी सुकलेली. ती बाजूला केली तर मागे, फुलांच्याच रंगाचा, एक नारिंगी दिवा लुकलुकत होता. रेडमधली, म्हणजे अनेक डिस्क जोडून केलेल्या संचातली, एक डिस्क गेली होती, आणि राखीव डिस्कवर तिची नक्कल भरण्याचं काम आमच्या मेलच्या मागण्यांमध्ये घुसून चाललं होतं. ते रात्रीपर्यंत चाललं. मंगळवारी सव्वादहाला पुन्हा ६.