पुनरपराधविषयक राष्ट्रीय माहितीसाठे (अमेरिका)

शिक्षा भोगून सुटलेली व्यक्ती पुन्हा गुन्ह्याकडे वळते का, हे तपासण्यासाठी तुरुंग, पोलीस व न्यायालये यांच्या नोंदी व्यक्तिनिहाय जोडून तयार केलेले माहितीसंच. अमेरिकेत फौजदारी कायद्याचा बराचसा भाग आणि बहुतेक तुरुंग राज्यांच्या अखत्यारीत येतात. त्यामुळे एका राज्यातून सुटलेला कैदी दुसऱ्या राज्यात पकडला गेला, तरी पहिल्या राज्याच्या दप्तरी तो पुन्हा गुन्ह्याकडे न वळलेलाच दिसू शकतो. ही उणीव भरून काढण्यासाठी तेथील न्याय सांख्यिकी कार्यालयाने १९८३ साली ११ राज्यांतून, १९९४ साली १५ राज्यांतून आणि २००५ साली ३० राज्यांतून सुटलेल्या कैद्यांचा मागोवा घेतला.

यातील खरे कष्टाचे काम जोडणीचे असते. तुरुंगाकडून आलेल्या सुटकेच्या यादीतील प्रत्येक नाव एफबीआय व राज्ये यांच्याकडील, बोटांच्या ठशांवर आधारलेल्या गुन्हेविषयक नोंदींशी जुळवावे लागते, प्रत्येक राज्याची वेगळी कलमे एका समान वर्गवारीत बसवावी लागतात आणि मधल्या काळात मरण पावलेल्यांना वगळावे लागते. त्यातच अटकेची नोंद असते, पण खटल्याचे पुढे काय झाले ते नसते, असे वारंवार आढळते.

पुनरपराध कशाला म्हणायचे यावर आकडा किती बदलतो, हे २००५ च्या गटावरून दिसते. पाच वर्षांत ७६.६ टक्के लोकांना पुन्हा अटक झाली, ५५.४ टक्के पुन्हा दोषी ठरले, तर नव्या अटकेतून तुरुंगवासाची शिक्षा २८.२ टक्के लोकांनाच झाली. वृत्तपत्रांत बहुधा पहिलाच आकडा झळकतो. वास्तविक अटक ही पोलिसांची कृती असून ती गुन्ह्याचा पुरावा नव्हे.

गणनेतला आणखी एक पेच सहज नजरेतून सुटतो. एखाद्या वर्षी सुटलेल्यांच्या गटात वारंवार आत-बाहेर करणाऱ्यांचे प्रमाण साहजिकच जास्त भरते. १९८३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय कारागृह नोंदणी कार्यक्रमाच्या आधारे संशोधकांनी हा कल दुरुस्त करून पाहिला, तेव्हा सुटलेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश व्यक्ती तुरुंगात कधीच परतत नाहीत, असे अनुमान निघाले.

मिशिगन विद्यापीठ व जनगणना कार्यालय यांच्या संयुक्त प्रकल्पात अशा नोंदी नाव-गाव काढून कमाईसारख्या माहितीशीही जोडल्या जातात. सुटल्यावर रोजगार मिळाला का, हे त्यातून अभ्यासता येते. व्यक्तिनिहाय नोंदी मात्र मंजुरी मिळालेल्या संशोधकांनाच, सुरक्षित व्यवस्थेत हाताळू दिल्या जातात.