सील एकच, हक्क दोन: पेटंट आणि डिझाइन नोंदणी यांतला फरक

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत पंपांचे मेकॅनिकल सील, म्हणजे पंपातून द्रव गळू न देणारे भाग, बनवणारे एक परिचित कारखानदार मध्यंतरी एक प्रमाणपत्र घेऊन माझ्याकडे आले. "आमचं पेटंट असूनही पलीकडच्या गाळ्यातून तोच माल विकला जातोय," अशी त्यांची तक्रार होती. प्रमाणपत्रावर राजमुद्रा होती, क्रमांक होता, तारीखही होती. मात्र कायद्याचे नाव ‘डिझाइन अधिनियम, २०००’ असे छापलेले होते. पेटंट मिळते ते ‘पेटंट अधिनियम, १९७०’ खाली, आणि ते या गृहस्थांनी कधी मागितलेच नव्हते.

ही गल्लत त्यांच्या एकट्याची नाही. अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांतून प्राध्यापकांच्या परिचयपत्रांत ‘डिझाइन पेटंट’ हा शब्द सर्रास दिसतो. अमेरिकेच्या कायद्यात त्या नावाचा हक्क खरोखरच आहे. भारतीय कायद्यात नाही. आपल्याकडे पेटंट हे पेटंट असते आणि डिझाइनची केवळ नोंदणी होते. दोन्ही शब्द जोडून लिहिण्याची सवय निष्काळजीपणाची आहे, आणि काही ठिकाणी ती सोयीची म्हणूनही जपली जाते, असे माझे स्पष्ट मत आहे.

फरक कळण्यासाठी सीलच हातात घेऊ. पंपाचा शाफ्ट (फिरणारा दांडा) जिथे केसिंगमधून, म्हणजे बाहेरच्या कवचातून, बाहेर येतो, तिथे पूर्वी ग्लँड नावाच्या पोकळीत पॅकिंगची दोरी ठासून भरत आणि ती थंड राहावी म्हणून थेंब थेंब गळू देत. मेकॅनिकल सीलमध्ये त्याऐवजी दोन कडी समोरासमोर बसतात: एक शाफ्टबरोबर फिरणारे, दुसरे स्थिर, बहुधा एक कार्बनचे आणि दुसरे सिलिकॉन कार्बाइडचे किंवा टंगस्टन कार्बाइडचे. स्प्रिंग त्यांना एकमेकांवर दाबून धरते आणि मधे राहणारा द्रवाचा अतिपातळ थर वंगणाचे काम करतो. कड्यांचे एकमेकांवर टेकणारे हे पृष्ठभाग, म्हणजे फेस, लॅपिंग करून (बारीक घासून) इतके सपाट करतात की ते मोजायला हेलियमच्या प्रकाशात काचेची सपाट चकती वर ठेवून काळे पट्टे मोजावे लागतात. एक पट्टा म्हणजे सुमारे ०.२९ मायक्रॉन.

आमच्या कारखानदारांची अडचण वायनरीच्या पंपातून सुरू झाली होती. द्राक्षाच्या लगद्यातल्या साली स्प्रिंगच्या वेढ्यांत अडकत, स्प्रिंग आखडे आणि फेस उघडे पडत. त्यांनी स्प्रिंग द्रवाच्या बाहेर नेली. ही कल्पना जुनीच आहे; पण स्प्रिंग जागेवर अडकवण्याची आणि शाफ्ट न उघडता ती बदलण्याची त्यांची रीत वेगळी होती. पेटंट ज्यासाठी असते ती गोष्ट हीच: वस्तू कशी चालते. अर्जासोबतच्या तपशीलपत्राच्या शेवटी, नेमका कशावर हक्क हवा ते सांगणारे दावे लिहावे लागतात, आणि दाव्यातले शब्द जेवढे व्यापतात तेवढाच हक्क मिळतो. परीक्षक तीन गोष्टी तपासतो: नावीन्य, त्या विषयातल्या जाणकारालाही सहज न सुचणारे पुढचे पाऊल, आणि औद्योगिक उपयोग. या परीक्षेत ती रीत टिकली असती की नाही, हे सांगता येत नाही, कारण प्रश्न विचारलाच गेला नाही.

त्यांनी नोंदवले ते ग्लँड प्लेटचे, म्हणजे सील पंपावर बोल्टने बसवणाऱ्या बाहेरच्या प्लेटचे, रूप: पाकळ्यांसारखी कड, बोल्टच्या खाचांची मांडणी. डिझाइनच्या व्याख्येत केवळ डोळ्यांनी पारखले जाणारे आकार, रेषा, नक्षी व रंगसंगती बसतात. रचनेचे तत्त्व आणि मूलतः निव्वळ यांत्रिक असलेली गोष्ट त्यातून स्पष्टपणे वगळलेली आहे. पलीकडच्या गाळेवाल्याने प्लेट साधी गोल केली आणि आतली रचना जशीच्या तशी उचलली. डिझाइनचा भंग झाला नाही, आणि आतल्या रचनेवर कोणाचा हक्कच नव्हता.

औषधांच्या बाबतीत हीच रेघ अधिक ठळक दिसते. गोळीचा आकार किंवा इनहेलरचे बाह्यरूप डिझाइन म्हणून नोंदवता येते. रेणू आणि तो बनवण्याची प्रक्रिया हा पेटंटचा प्रांत. १९७० च्या कायद्याने औषधाला केवळ प्रक्रियेचे पेटंट ठेवले होते. उत्पादनाचे पेटंट १ जानेवारी २००५ पासून आले, पण कलम ३(ड)ची अट घालून. ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपाने परिणामकारकता वाढत नसेल तर पेटंट नाही, हे त्या कलमाचे सार. इमॅटिनिब मेसिलेट या कर्करोगावरच्या औषधाच्या बीटा स्फटिकरूपासाठी नोव्हार्टिस कंपनीने मागितलेले पेटंट सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी याच आधारावर नाकारले.

वैद्यकीय उपकरणांत एक जादा कुंपण आहे. एकदा वापरल्यावर दट्ट्या अडकून निकामी होणारी सिरिंज घ्या: अडकण्याची यंत्रणा पेटंटची, बोटे टेकवायच्या कडेचे रूप डिझाइनचे, आणि ती वापरून रुग्णावर उपचार करण्याची पद्धत कोणाचीच नाही, कारण कलम ३(आय) उपचारपद्धतींना पेटंट देत नाही. शस्त्रक्रियेची नवी रीत शोधणाऱ्या डॉक्टरांना हे पटवताना मला नेहमीच वेळ लागतो.

मुदतीचा हिशेब सोपा आहे. पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे टिकते, पण तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरणाचे शुल्क भरत राहावे लागते. डिझाइन १० वर्षांचे, वाढवून घेतल्यास आणखी ५. डिझाइनचा निकाल सहसा लवकर लागतो. पेटंटचा अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि परीक्षणाची मागणी वेगळी, शुल्क भरून करावी लागते. महाराष्ट्रातले पेटंट अर्ज मुंबई कार्यालयाकडे जातात, डिझाइनचे परीक्षण कोलकात्याला होते. एकाच वस्तूवर दोन्ही हक्क घेता येतात, मात्र माल बाजारात येण्याआधी. नाशिकच्या डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावरच्या प्रदर्शनात नवा सील उघडून दाखवला, की सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांचा अपवाद सोडल्यास, नावीन्य तिथेच संपते. तपशील पक्के व्हायचे असतील तर आधी तात्पुरता अर्ज टाकावा. पूर्ण तपशीलपत्रासाठी त्यानंतर १२ महिने मिळतात.

आमच्या कारखानदारांचा सील तोवर दोन हंगाम विकला गेला होता, त्यामुळे हा रस्ता बंद झाला होता. उलट त्यांच्याच माहितीपत्रकावर ‘पेटंटेड’ असे ठळक छापलेले निघाले. पेटंट नसताना तसे म्हणणे हा कलम १२० चा भंग आहे, आणि २०२३ च्या जनविश्वास कायद्याने त्याचा दंड १० लाख रुपयांपर्यंत नेला आहे. त्यांनी त्या शब्दावर चिकटपट्ट्या लावून घेतल्या. प्लेटवर मात्र ‘आरडी’ ही इंग्रजी अक्षरे आणि नोंदणी क्रमांक कोरायला सुरुवात केली, कारण विक्रीच्या मालावर ती खूण नसेल तर डिझाइनच्या भरपाईचा दावाही लंगडा पडतो.