यीस्टला न पचणारी साखर

हापूसच्या मोसमात वाशीच्या फळबाजारात पेट्या फुटतात तसा भाताचा पेंढा गाळ्यांबाहेर साठत जातो. या पेंढ्याच्या सुक्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते, फक्त लांबलचक साखळ्यांत बांधलेली. साखळ्या तोडल्या की मुख्यतः दोन साखरा हाती लागतात, ग्लुकोज आणि झायलोज. ग्लुकोजचं इथेनॉल करणं हा यीस्टचा पिढीजात धंदा. झायलोजला मात्र बेकरीतलं आपलं नेहमीचं यीस्ट तोंड लावत नाही.

मग झायलोज खाणाऱ्या दुसऱ्या एका यीस्टची दोन एन्झाइम्स, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं, त्याच्यात घातली गेली. पहिलं झायलोजचं झायलिटॉल करतं, दुसरं झायलिटॉलचं झायल्युलोज. पुढची वाट यीस्टला ठाऊक असते. घोळ झाला तो हिशेबात. पेशीत इलेक्ट्रॉनची ने-आण करणारे दोन रेणू चलनासारखे फिरतात, एनएडीपीएच आणि एनएडीएच; खर्च झाले की त्यांचं एनएडीपी आणि एनएडी होतं. पहिलं एन्झाइम मुख्यतः एनएडीपीएच खर्च करतं, दुसरं एनएडी वापरून एनएडीएच तयार करतं. एक खिसा रिकामा होत जातो, दुसरा फुगत जातो, आणि या खिशातलं त्या खिशात घालायची सोय यीस्टकडे नाही. ऑक्सिजन नसलेल्या टाकीत एनएडीएच तुंबलं की दुसरं एन्झाइम अडतं आणि झायलिटॉल बाहेर टाकलं जातं. शुगर-फ्री च्युइंगगममध्ये असतं तेच हे. तिथे त्याला किंमत आहे, इथे ते शुद्ध नुकसान. जपानी संशोधकांनी दुसऱ्या एन्झाइमच्या खोबणीतली मोजकी ॲमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतले मणी, बदलून त्याला एनएडीऐवजी एनएडीपी वापरायला लावलं आणि हिशेब बराचसा जुळला.

मला स्वतःला नेदरलँड्समधली युक्ती जास्त आवडते. भारतीय हत्तीच्या शेणात पायरोमायसिस नावाची बुरशी सापडली होती. तिचं एन्झाइम झायलोजचं थेट झायल्युलोज करतं, एनएडीचा व्यवहारच नाही! 2003 च्या सुमारास तिथल्या डेल्फ्ट विद्यापीठाच्या गटाने ते यीस्टमध्ये बसवलं. पण एन्झाइम मंद. म्हणून त्याच्या जनुकाच्या जास्त प्रती घातल्या आणि यीस्टला पिढ्यान्‌पिढ्या झायलोजवरच वाढवून चपळ वाण निवडलं.

तरीही दोन्ही साखरा एकत्र असल्या की यीस्ट आधी ग्लुकोजच उचलतं, कारण पेशीच्या दारावरचं वाहक प्रथिन दोघांना एकच असतं. 2014 मध्ये जर्मन संशोधकांनी अशा वाहकातलं एकच ॲमिनो आम्ल बदलून झायलोजला ग्लुकोजच्या गर्दीतही वाट करून दिली. आता मुख्य डोकेदुखी ॲसेटिक आम्लाची. पेंढा उकळून मऊ करताना ते सुटतं आणि झायलोज खाणारं यीस्ट त्यानेच सुस्तावतं.